नाकातलं गुऱ्हाळ

सांगलीहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डात शिरलं की पहिली काही मिनिटं तो उग्र वास अंगावर येतो, मग हळूहळू नाहीसा होतो. दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालांना तो येतच नाही का? आणि नाकात शिरलेला वास शेवटी जातो कुठे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हळदीचा वास मुख्यतः टर्मेरोन नावाच्या तेलकट द्रव्यांमुळे येतो. (पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनला स्वतःचा वास जवळजवळ नाहीच, तरी सगळी कीर्ती त्याच्याच वाट्याला आली आहे.) एकच वास सतत येत राहिला की नाकातल्या चेतापेशी थंडावतात आणि मेंदूही त्याची दखल घेणं सोडतो. हमाल चहाला बाहेर जाऊन परत आला की त्यालाही वास पुन्हा जाणवतो.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण शाळेच्या पुस्तकात त्याचं उत्तर नसतं. पुस्तकात हवेतला रेणू नाकाच्या छतापाशी पोचतो, ग्राही प्रथिनात जाऊन बसतो आणि चेतापेशी मेंदूला वर्दी देते. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली या ग्राहींच्या जनुकांचं भलंमोठं कुटुंब शोधलं. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. हे सगळं खरं, पण हवा आणि ग्राही यांच्यामध्ये शेंबडाचा एक पातळ थर असतो, त्याचं काय? रेणूला तो पार करावाच लागतो. आणि हा थर, तसंच त्याखालच्या पेशी, विकरांनी (एन्झाइमांनी) भरलेल्या असतात.

कराड-शिराळ्याकडचं गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं चटकन उमगेल. काहिलीत रस उकळू लागला की त्यात भेंडीचा बुळबुळीत चीक टाकतात. मळी वर येते आणि ती सारखी काढून टाकावी लागते. मळी निघत असतानाच त्याच काहिलीत रसाचा पाक होत असतो. सफाई आणि रूपांतर एकाच भांड्यात, एकाच वेळी चालतं. नाकातली विकरं नेमकी ही दोन कामं करतात. भेंडीच्या चिकासारखा बुळबुळीत थरसुद्धा तिथे आहेच!

सफाईचा भाग आधी लक्षात आला. श्वासातून येणारी विषारी द्रव्यं मोडणारी सायटोक्रोम पी-४५० ही विकरं कुत्र्याच्या नाकात वास घेणाऱ्या अस्तरात आहेत, असं ॲलन डाल आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवलं. हीच विकरं यकृतात विपुल असतात, आणि या बाबतीत नाकाचं हे अस्तर यकृताच्या खालोखाल मानलं जातं. पुढे १९९१ सालीच, म्हणजे बक-ॲक्सेल यांच्या शोधाच्या वर्षीच, इस्रायलच्या डोरोन लँसेट यांच्या गटाने दाखवलं की नाकातलं एक विकर गंधरेणूला साखरेसारखं एक आम्ल जोडतं. मग त्या रेणूला ग्राही जागं करता येत नाही आणि तो विरघळून वाहून जातो. वाचकांच्या ‘जातो कुठे’ला एक उत्तर इथे मिळतं. जुना वास निघून गेला नाही, तर नवा कळणार कसा?

पण विकरं फक्त वास पुसत नाहीत, वास बदलतातही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या. तिच्या फळांसारख्या गोड सुगंधाचा मोठा वाटा एस्टर गटातल्या रेणूंचा असतो. एस्टर तुटला की त्यातून एक आम्ल आणि एक अल्कोहोल मिळतं, आणि त्या दोघांचे वास मूळ वासाहून अगदी वेगळे असतात. इथाइल ब्युटिरेट हा स्ट्रॉबेरीतला एक एस्टर. तो तुटला तर ब्युटिरिक आम्ल निघतं, म्हणजे खवट लोण्याचा वास!

असं तुटणं नाकात घडतं का, आणि ते जाणवण्याइतकं लवकर घडतं का? जपानच्या अयुमी नागाशिमा आणि काझुशिगे तोहारा यांनी डिसेंबर २०१० मध्ये उंदरांवरचं उत्तर प्रसिद्ध केलं. उंदराच्या शेंबडातली विकरं अल्डिहाइडं आणि ॲसिटेट एस्टर यांचं आम्लांत व अल्कोहोलांत रूपांतर करतात. मग त्यांनी उंदरांना विशिष्ट वासाशी साखरेचं बक्षीस जोडायला शिकवलं आणि नाकातल्या विकरांना रसायन देऊन आवर घातला. उंदरांना तो शिकलेला वास ओळखताच आला नाही. बाटलीतला रेणू तोच होता, पण उंदराला वास दुसराच येत होता. २०१९ मध्ये तोहारांच्या गटाने माणसांवरही प्रयोग केले. हुंगलेल्या रेणूंची बदललेली रूपं त्यांना सोडलेल्या श्वासात सापडली.

अल्डिहाइडं आणि ॲसिटेट हे दोन गट वाचताना मला थेट मुंबईच्या कुलाब्यातली टाटा मूलभूत संशोधन संस्था आठवते, आणि इथे थोडं थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९७० च्या दशकात तिथे ओबेद सिद्दिकी यांनी पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांवर वासाचं संशोधन सुरू केलं. नैरोबीत गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनमधलं शिक्षण संपवून त्यांच्याकडे पीएच.डी.ला आल्या. दोघांनी दोन फाट्यांची काचेची नळी वापरली. एका फाट्यातून वास यायचा, दुसऱ्यातून साधी हवा. कोणतं चिलट कुठे वळतं, हे मोजायचं. जनुकात बिघाड असलेली चिलटं त्यांनी अशी वेचून काढली. काहींना बेंझाल्डिहाइडसारख्या अल्डिहाइडांचा वास नीट कळत नव्हता, काहींना ॲसिटेट एस्टरांचा, पण इतर वास कळत होते. वास ओळखण्याची यंत्रणा रसायनांच्या गटांनुसार वेगवेगळी आहे आणि तिच्यामागे वेगवेगळी जनुकं आहेत, हे त्यातून दिसलं. १९७८ चा हा निबंध आहे, बक-ॲक्सेल यांच्या तेरा वर्षं आधीचा.

ते काम विकरांवरचं नव्हतं. पण वासाचं कोडं जनुकांच्या वाटेने सोडवता येईल, हे जगातल्या फार थोड्या प्रयोगशाळांना सुचलं होतं तेव्हा कुलाब्यात ते प्रत्यक्ष चालू होतं. नोबेलनंतर लिहिल्या गेलेल्या वासविज्ञानाच्या कहाण्यांत ही दोन नावं क्वचितच येतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. रॉड्रिग्ज १० नोव्हेंबर २०१० रोजी कर्करोगाने गेल्या, तोहारांचा निबंध येण्याच्या तीनच आठवडे आधी. पुढे चिलटांच्या मिशांमध्येही एस्टर तोडणारी विकरं सापडली. एस्टरेझ-६ हे विकर नसलेल्या चिलटांत, सहवासाशी संबंधित एका ॲसिटेटच्या वासाला मिळणारा प्रतिसाद बदलतो, असं फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं.

आता थोडं सावधगिरीचं. कोविडने लाखोंचा वास नेला, तेव्हापासून नाकाबद्दलच्या कोणत्याही शोधाची ‘गेलेला वास परत आणणार’ अशी बातमी होते. कोविडचा विषाणू वास ओळखणाऱ्या चेतापेशींपेक्षा त्यांच्या शेजारच्या आधारपेशींत शिरतो, असं २०२० मध्ये दिसलं. नाकातली बरीचशी पी-४५० विकरं याच आधारपेशींत असतात. संबंध विलक्षण आहे, पण म्हणून विकरांचं औषध घेतलं की वास परतेल, असा अर्थ निघत नाही. विकरं वाढवली तर वास उलट जास्त वेगाने मोडेल! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये सर्दीवरच्या, नाकात घालायच्या जस्तयुक्त औषधांबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण ती वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी वास गेल्याची तक्रार केली होती. त्यामुळे जाहिरात पाहून नाकात काहीही घालू नका.

ज्यांचा वास सर्दीनंतर किंवा कोविडनंतर परतलेला नाही त्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. ते बहुधा वासाचा सराव सुचवतील. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये त्याची पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन घ्यायचे, बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण अनेकांना येतो, आणि यात नाकात काहीच घालावं लागत नाही.