घरांत नवा मासा येतांना

शहरांतील पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत रंगीत माशांची कांचेची टाकी असते. वृद्ध मंडळींस तिच्यापुढें घटकाभर बसलें म्हणजे विरंगुळा वाटतो, आणि मुलांनीं तर एकेका माशाचें नांवही ठेवलेलें असतें. अशा घरीं पुष्कळदां एक दुःखद प्रकार घडतो. सुटीच्या दिवशीं दुकानांतून दोन नवे मासे येतात, हौसेनें टाकींत सोडले जातात, आणि पंधरवड्याच्या आंत, वर्षानुवर्षें सुखानें नांदलेले जुने मासे एकामागून एक पाण्यावर तरंगूं लागतात. मग कोणी पाण्यास दोष देतो, कोणी थंडीस, तर कोणी दृष्ट लागली असें म्हणतो. खरें कारण बहुधा त्या पाहुण्यांबरोबरच आलेलें असतें, आणि तें टाळणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे.

गोड्या पाण्यांतील माशांच्या रोगांत अतिशय परिचित रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा. माशाच्या अंगावर व परांवर रवा भुरभुरावा तसे बारीक कण दिसूं लागतात. हें काम एका एकपेशीय परोपजीवी प्राण्याचें असून फुके या फ्रेंच संशोधकानें १८७६ सालीं त्याचें वर्णन केलें. हा प्राणी माशाच्या कातडींत शिरून तेथेंच पोसतो. पूर्ण वाढला म्हणजे गळून तळाशीं जातो, स्वतःभोंवतीं कवच करतो, आणि आंत त्याचीं शेंकडों पिलें तयार होतात. तीं बाहेर पडून नवा मासा शोधीत पोहतात, व थोड्या दिवसांत तो न मिळाल्यास मरतात. औषध लागू पडतें तें मुख्यतः या पोहणाऱ्या पिलांवर. कातडींतला व कवचांतला शत्रू सुरक्षित राहतो. म्हणून ठिपके नाहींसे होतांच औषध बंद करणें धोक्याचें आहे. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यास हें चक्र सुमारें आठवड्याभरांत पुरें होतें. १० अंशांच्या जवळ त्यास महिनाही लागतो. त्यांतून रोग कल्ल्यांत दडलेला असला, तर मासा वरून अगदीं निरोगी दिसतो. दुकानांत निरखून घेतलेल्या माशाचीही खात्री देतां येत नाहीं, ती याच कारणानें.

यावरील उपाय माणसानें स्वतःसाठीं फार पूर्वीं शोधला आहे. एड्रियाटिक समुद्राकांठच्या रागुसा नगरानें १३७७ सालीं असा नियम केला कीं, साथीच्या गांवाहून येणाऱ्यांनीं ३० दिवस नगराबाहेर राहावें. पुढें ही मुदत ४० दिवसांची झाली, आणि इटालियन भाषेंतील चाळीस या संख्येवरून क्वारंटाइन हा शब्द रूढ झाला. २०२० सालच्या साथीनें तर विलगीकरण म्हणजे काय, हें प्रत्येक घरास शिकविलें. माशांनाही तोच नियम लावावा. नवा मासा आणल्यावर चार आठवडे त्यास निराळ्या भांड्यांत ठेवावें. मुदत आपल्या उतावीळपणावर नव्हे, तर रोगाच्या चालीवर ठरवावयाची असते.

यासाठीं मोठा खर्च नको. लहान माशांस ३०-४० लिटरांची साधी टाकी किंवा स्वच्छ प्लॅस्टिकचा टब, हवेचा पंप, स्पंजाची गाळणी आणि वर झांकण, एवढें पुरे. मात्र एक गोष्ट आधींच करावी. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया उत्पन्न होतो. तो विषारी आहे, आणि त्याचें रूपांतर करणारे उपयुक्त जंतु गाळणींत वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून एक जादा स्पंज महिनाभर आधीं मोठ्या टाकींत ठेवावा, व तोच या भांड्यांत लावावा. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांस व या जंतूंसही घातक असतो. यासाठीं पाणी एक दिवस उघडें ठेवून अथवा क्लोरीननाशक औषध घालूनच वापरावें. मासा आणलेली पिशवी १५-२० मिनिटें भांड्यांतील पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णतामान सारखें होईल. मग जाळीनें मासा उचलून सोडावा. दुकानांतलें पाणी मात्र आंत ओतूं नये.

रोज दोन वेळां मासा नीट पाहावा. अंग दगडास घासणें, पर मिटून राहणें, पृष्ठभागाशीं धापा टाकणें, अन्न नाकारणें हीं लक्षणें दिसल्यास औषध करावें, आणि मुदत पुन्हां पहिल्या दिवसापासून मोजावी. औषधाचें प्रमाण वेष्टणावर लिहिलेलें असेल तेंच घ्यावें, व बाटली मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. रोग नसतांना औषध घालण्याचें कारण नाहीं. महिना निर्विघ्न गेल्यावर मासे एकदम न सोडतां दोन-दोन सोडावे, म्हणजे गाळणीवरील वाढता भार जंतूंस सोसतो.

एकत्र कुटुंबांत आणखी एक पथ्य पाळावें लागतें. तेथें हात पुष्कळ असतात. आजोबा सकाळीं दाणे टाकतात, मुलें शाळेंतून आल्यावर पुन्हां टाकतात, आणि एकच जाळी दोन्ही भांड्यांत फिरते. ओल्या जाळीबरोबर व ओल्या हाताबरोबर रोगही फिरतो. तेव्हां जाळी व बादली निराळी ठेवावी, आधीं जुन्या टाकीचें काम उरकून मग नव्या भांड्याकडे जावें, आणि हें सारें घरांतील एकाच व्यक्तीकडे सोंपवावें. आमच्या मतें दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींस हें काम, वडील मंडळींच्या देखरेखीखालीं, उत्तम साधेल.

आजारी मासा दया म्हणून नदींत किंवा विहिरींत सोडण्याचा विचार मात्र कोणी मनांत आणूं नये. त्यानें एकाचें दुखणें सर्वांचें होतें. चार आठवडे धीर धरणें मुलांस कठीण जाईल खरें. परंतु टाकींतील जुन्या सोबत्यांसाठीं थांबावयाचें आहे, हें सांगितल्यावर तींच रोज दिवस मोजूं लागतील.