तुमचा फोटो म्हणजे तुमचा शब्द: ऑनलाइन विक्रीतले फोटोचे नियम आणि रिटर्नचं गणित



दुकानात आलेलं गिऱ्हाईक काय काय करतं ते जरा आठवा. तांब्याची बाटली आवडली की आधी हातात घेऊन वजन बघतं. झाकण फिरवतं, आत डोकावतं, नखाने टिचकी मारतं. साडी असेल तर पदर दोन बोटांत चोळून बघतं, दाराशी उजेडात नेऊन रंग बघतं. एवढं सगळं झाल्यावर मग भाव विचारतं.

ऑनलाइन गिऱ्हाइकाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्यासमोर असतो फक्त तुमचा फोटो. वजन, रंग, आकार, फिनिशिंग, सगळं त्याला त्या फोटोवरूनच ठरवायचं असतं. म्हणजे फोटो हा तुम्ही त्याला दिलेला शब्द आहे. पार्सल उघडल्यावर तो शब्द खरा निघाला तर गिऱ्हाईक टिकतं. खोटा निघाला तर माल परत येतो आणि खर्च तुमच्या माथी बसतो.

व्हिडिओत आपण सेटअप बघितला. इथे नियम नीट लिहून देतोय, म्हणजे अपलोड करताना समोर ठेवता येतील.

मेन फोटोचे नियम, आणि ते का आहेत

मेन फोटो म्हणजे सर्च केल्यावर दिसणारा पहिला फोटो. अ‍ॅमेझॉनचे नियम सगळ्यात काटेकोर आहेत, म्हणून तेच धरून चालू. तिथे पास होणारा फोटो इतर ठिकाणीही सहसा अडत नाही.

१. मागची बाजू शुद्ध पांढरी. 'जवळजवळ पांढरी' चालत नाही. फोटो एडिट करण्याच्या भाषेत आरजीबी २५५, २५५, २५५. क्रीम रंगाची भिंत किंवा राखाडी झाक असलेली चादर म्हणजे नियमाबाहेर. कारण साधं आहे. सर्चच्या पानावर वीस वस्तू शेजारी शेजारी दिसतात, तिथे नजर वस्तूवर जायला हवी, मागच्या पडद्यावर नाही.

२. वस्तूने फोटोचा किमान ८५ टक्के भाग व्यापायला हवा. बरेच जण लांबून फोटो काढतात. मोबाईलवर तो फोटो नखाएवढा दिसतो आणि वस्तू त्याहून छोटी. पण जवळ जाताना कडा कापू नका, अख्खी वस्तू चौकटीत हवी.

३. फोटोवर मजकूर, लोगो, वॉटरमार्क, बॉर्डर काही नको. '१०० टक्के ओरिजिनल', 'आजच ऑर्डर करा', दुकानाचं नाव, मोबाईल नंबर, यातलं काहीही मेन फोटोवर चालत नाही.

४. जे पार्सलमध्ये जाणार तेच फोटोत. बाटलीशेजारी दोन तांब्याचे पेले ठेवले की फोटो छान दिसतो, मान्य. पण गिऱ्हाईक समजतं की पेलेही मिळणार. ते मिळाले नाहीत की ते चिडतं, आणि त्यात त्याची काय चूक?

५. फोटो खऱ्या वस्तूचा हवा. चित्र किंवा स्केच चालत नाही.

६. आकार: लांब बाजू किमान ५०० पिक्सेल हवी. पण झूम चालू व्हायला १००० पिक्सेल किंवा जास्त लागतात. माझा सल्ला, सरळ २००० बाय २००० चा चौरस फोटो ठेवा. झूम म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाने वस्तू डोळ्यांजवळ नेऊन बघणं. ती सोय त्याच्याकडून काढून घेऊ नका.

काही वस्तूंना वेगळे नियम आहेत. चप्पल-बुटांच्या मेन फोटोत अ‍ॅमेझॉनला जोडी नको असते. एकच चप्पल, ४५ अंशांच्या कोनात, टोक डावीकडे. कोल्हापुरी विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, जोडी पुढच्या फोटोंत दाखवा. कपड्यांच्या मेन फोटोत दुकानातला पुतळा दिसलेला चालत नाही.

नियम मोडला तर काय होतं? लिस्टिंग सर्चमधून लपवली जाऊ शकते. माल गोदामात, किंमत बरोबर, पण दुकानाचं शटर खाली. आणि तुम्ही विचार करत बसता की ऑर्डर का येत नाही.

फ्लिपकार्ट, मीशो यांचे नियम वस्तूच्या प्रकारानुसार थोडे बदलतात. नवीन प्रकारची वस्तू टाकताना सेलर पॅनलमधलं फोटोच्या नियमांचं पान एकदा वाचा, कारण हे नियम वेळोवेळी बदलतातही. दहा मिनिटं लागतात.

बाकीचे फोटो: प्रत्येक फोटोने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं

मेन फोटोने गिऱ्हाईक आत येतं. पुढचे फोटो त्याला माल दाखवतात. इथे मोजमाप लिहिता येतं, घरातला कोपरा दाखवता येतो. पण 'चार बाजूंनी चार फोटो' अशी भरती करू नका. दुकानात लोक तुम्हाला काय विचारतात ते कागदावर लिहा आणि एकेका प्रश्नाला एकेक फोटो द्या. तांब्याच्या बाटलीचंच घेऊ:

• केवढी आहे? हातात धरलेला फोटो, आणि एका फोटोवर उंची सेंटिमीटरमध्ये, क्षमता मिलिलिटरमध्ये. बाटली ९५० मिलीची असेल तर ९५० च लिहा. 'एक लिटर' लिहून ५० मिलीसाठी भांडण घेऊ नका.
• आतून कशी आहे? झाकण काढून वरून घेतलेला फोटो.
• ठोक्याचं काम कसं आहे? अगदी जवळून.
• झाकण गळणार नाही ना? आट्यांचा आणि रिंगचा फोटो.
• डब्यात काय काय येतं? सगळं मांडून एक फोटो.
• पुढे रंग कसा होईल? तांबं वापराने काळपट पडतं. चिंच-लिंबाने घासल्यावर उजळतं. दोन्ही अवस्था एका फोटोत शेजारी दाखवा. हे दाखवल्याने ऑर्डर कमी होईल असं वाटतं ना? पण ज्याला ते चालणार नाही तो आधीच थांबतो, आणि तुमचं एक रिटर्न वाचतं.

आता गणित

हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे मानून घेऊ. समजा, एका ऑर्डरमागे सगळा खर्च जाऊन ९० रुपये उरतात. आणि एक ऑर्डर परत आली की ने-आण, नवं पॅकिंग, दबलेला डबा मिळून १८० रुपये जातात.

दहा ऑर्डरींत एक परत आली: ८१० वजा १८०, हातात ६३० रुपये.
दोन परत आल्या: ७२० वजा ३६०, हातात ३६० रुपये.
तीन परत आल्या: ६३० वजा ५४०, हातात ९० रुपये.

परत वाचा. दहा पार्सलं बांधली, दहा लेबलं चिकटवली, आणि कमाई एका ऑर्डरची. चौथी परत आली की खिशातून पैसे जायला लागतात. तुमचे खरे आकडे घालून हा हिशोब आज रात्री करून बघा. मग कळेल की फोटोत रंग थोडा 'उठावदार' करण्याची किंमत काय असते.

फिल्टर लावून मरून साडी लाल दिसली तर क्लिक कदाचित वाढतील. पण घरी येणार मरूनच. म्हणून एडिट करताना खरी वस्तू मोबाईलच्या शेजारी धरा आणि रंग जुळेपर्यंतच थांबा. त्यापुढे एक बोटही नको.

कायदा काय म्हणतो

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वाचाच.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे मोठ्या कंपन्यांइतकेच तुमच्या-माझ्यासारख्या विक्रेत्यालाही लागू आहेत. मार्केटप्लेसने विक्रेत्याकडून लेखी हमी घ्यायची असते की वर्णन आणि फोटो अचूक आहेत आणि वस्तूच्या रूपाशी, दर्जाशी जुळतात. नोंदणी करताना आपण वाचता 'मान्य आहे' वर टिक करतो, त्यात हेही असतं. शिवाय, जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही.

दुसरं, पॅकबंद माल. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये झालेल्या बदलानुसार १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन लिस्टिंगवरही उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क ही माहिती दिसायला हवी. मूळ देशही लिहावा लागतो. म्हणून मसाले, पापड, साबण, उटणं विकणाऱ्यांनी लेबलचा एक स्वच्छ, वाचता येणारा फोटो टाकायचाच. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आणि शाकाहारी चिन्ह त्यात स्पष्ट दिसू द्या. गोलसर पाकीट असेल तर लेबल वळतं, तेव्हा दोन फोटो काढा.

तिसरं, दुसऱ्याचा फोटो. 'गूगलवर होता, घेतला' हे उत्तर चालत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो ही कलाकृती आहे आणि हक्कासाठी नोंदणीही लागत नाही. तुम्ही पैसे देऊन फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नसेल, तर त्यांचे पहिले मालक सहसा तुम्हीच ठरता. तरी बिलावर 'वापराचे सर्व हक्क ग्राहकाकडे' एवढी ओळ लिहून घ्या. होलसेलरचे कॅटलॉग फोटो वापरायचे असतील तर लेखी परवानगी घ्या, निदान मेसेजवर तरी.

पण परवानगी मिळाली तरी मी म्हणेन, स्वतःचे काढा. तोच फोटो दहा विक्रेत्यांकडे असेल तर गिऱ्हाईक फक्त किंमत बघणार आणि स्वस्त त्याच्याकडे जाणार. आणि होलसेलरने फोटो काढला तो माल गेल्या वर्षीचा, तुमच्याकडे आलेली खेप वेगळ्या छटेची. शब्द त्याने दिला, पाळायचा मात्र तुम्ही.

पैठणीवाल्यांना खास सांगणं. हातमागावरच्या पैठणीचा फोटो लावून यंत्रमागावरची साडी पाठवणं ही 'मार्केटिंग' नव्हे, फसवणूक आहे. पैठणीला जीआय टॅग आहे, त्यामागे येवला-पैठणच्या विणकरांची मेहनत आहे. यंत्रमागाची साडी विकायला काहीच हरकत नाही. तसं लिहा, तिचाच फोटो लावा. तिचंही गिऱ्हाईक आहे.

एआयने केलेल्या फोटोंबद्दल बरेच जण विचारतात. मागची बाजू पुसायला अ‍ॅप वापरा, बिनधास्त. पण अ‍ॅपने काठाची नक्षी बदलली, ठोके गुळगुळीत केले, बाटलीला नसलेली चमक दिली, तर तो फोटो आता तुमच्या मालाचा राहिला नाही. टाकू नका.

घरच्या घरी फोटो

खर्च फार नाही. पांढरा चार्ट पेपर, थर्माकोलचा एक तुकडा आणि खिडकी.

टेबल खिडकीशी घ्या, थेट ऊन नको. चार्ट पेपर भिंतीवरून टेबलापर्यंत गोलाईत सोडा, घडी पाडू नका, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोल उभा करा, सावली हलकी होते. घरातले दिवे बंद ठेवा, दोन प्रकारच्या उजेडात रंग बिघडतो. मोबाईलची लेन्स पुसा. वस्तूला अगदी चिकटू नका, थोडं मागे येऊन २एक्सवर घ्या, नाहीतर बाटलीचं पोट फुगलेलं दिसतं.

तांबं-पितळ-स्टील आरशासारखं असतं. त्यात तुमचा शर्ट दिसतो! मोबाईलच्या दोन्ही बाजूंना पांढरं कापड टांगा आणि स्वतः फिक्या रंगाचे कपडे घाला.

मागची बाजू अ‍ॅपने काढली असेल तर कडीच्या आतली पोकळी तपासा, तिथे जुना रंग राहतो. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घ्यायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर दर्जा पडतो.

अपलोड करण्याआधी एक परीक्षा

घरातलं असं कुणीतरी शोधा ज्याने ती वस्तू पाहिलेली नाही. सासूबाई, शेजारच्या काकू, कॉलेजातला भाचा, कुणीही चालेल. त्यांच्या हातात फक्त फोटो द्या आणि तीन प्रश्न विचारा: ही केवढी आहे? कशाची आहे? डब्यात काय काय मिळेल? तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

मग खरी वस्तू हातात द्या आणि चेहरा बघा. "अगं, ही तर लहान आहे!" किंवा "रंग वेगळा वाटतोय" असं निघालं, तर फोटो परत काढा. हे वाक्य घरात फुकट ऐकायला मिळतं. तेच गिऱ्हाइकाने म्हटलं तर वर १८० रुपये जातात.

आज एकच वस्तू घ्या, तिचे सहा फोटो काढा, ही परीक्षा घ्या. काय उत्तरं मिळाली ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या भागात याच वस्तूचं टायटल आणि वर्णन लिहू.