किल्ली कोणाच्या हाती?

नाच ही पैसेवाल्यांची चैन, असे आपण समजतो. दोन नाचांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे.

न्यूयॉर्कमधील ब्राँक्स ही गरिबांची वस्ती. तेथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, तो दोन तबकड्यांवर लांबवीत असे. त्यावर पोरे नाचत, ते ब्रेकिंग. आधी उभ्याने पावले, मग हात जमिनीला टेकून पायांची फिरकी, शेवटी एका आकृतीत थबकणे.

यांगगे हा उत्तर चीनच्या शेतकऱ्यांचा नाच. नावाचा अर्थ भातरोपांचे गाणे. ढोल-झांजांच्या ठेक्यावर चार पावलांत जमिनीवर फुली काढायची, हाती पंखा किंवा रुमाल. १९४० नंतरच्या दशकात पक्षाने त्याला प्रचाराला जुंपले. पुढे शहरांतील निवृत्त माणसांनी तो बागांत, चौकांत पुन्हा आपलासा केला.

ब्रेकिंग २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये गेले. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ते नाही. वरून मिळालेला मान वरूनच काढला जातो. वस्तीच्या वर्गातला नाच मात्र टिकतो, कारण काल शिकलेला आज दुसऱ्याला शिकवितो. त्याला आरसे लागत नाहीत, संध्याकाळी उघडी असलेली एक खोली लागते.

संघटनेत आयुष्य घालवून मी एवढेच शिकलो: जागा गेली की सभा मोडते. नाचाचेही तसेच. म्हणून खोलीची किल्ली वस्तीकडेच हवी.