ओझोनचा कोणता आकडा पिकासाठी पाहावा?

मोबाइलवरच्या हवामान ॲपमध्ये आता ओझोनचे आकडेही दिसतात. पैठण परिसरात कापूस, गहू, मोसंबी घेणाऱ्याने त्यातला कोणता आकडा धरायचा? ओझोन दोन ठिकाणी असतो, आणि दोन्हीकडे त्याचे काम उलटे आहे.

वरचा ओझोन

जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटरवरचा ओझोन अतिनील किरणे अडवतो. तो मोजण्याचे एक साधन म्हणजे मिलिमीटर लहरींचे उपकरण, म्हणजे आकाशाकडे तोंड केलेला अतिशय संवेदनशील रेडिओच. ओझोनचे रेणू फिरताना ११०.८ किंवा १४२ गिगाहर्ट्झसारख्या ठरावीक वारंवारितेवर क्षीण लहरी सोडतात. हवेचा दाब जास्त असेल तिथून आलेला संकेत पसरट, विरळ हवेतला टोकदार. या आकारावरून कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे ते काढता येते. ऊन लागत नाही, म्हणून रात्रीही मोजणी चालते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १९९४ पासून अशी मोजणी होते. अंटार्क्टिकावर १९८६ मध्ये याच तंत्राने क्लोरीन मोनॉक्साइड सापडला आणि ओझोनच्या छिद्रामागे क्लोरीन असल्याचा भक्कम पुरावा मिळाला.

हवेतले बाष्प या लहरी शोषते, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात अशी मोजणी अवघड. शिवाय हे उपकरण साधारण २० किलोमीटरच्या वरचेच नीट सांगते. शिवारातली हवा त्याला दिसत नाही. फुग्यासोबत सोडलेले यंत्र मात्र जमिनीपासूनच मोजत जाते. असे भारतीय यंत्र १९६० च्या दशकात हवामान खात्याच्या शास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांनी विकसित केले.

म्हणून 'डॉब्सन' एककातला २५०-२८० असा आकडा दिसला, तर तो संपूर्ण आकाशाचा आहे. त्यावरून पिकाचा निर्णय घेऊ नका.

शिवारातला ओझोन

पिकासाठी पाहायचा तो मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर किंवा पीपीबीमधला, जमिनीलगतचा आकडा. एक पीपीबी म्हणजे साधारण दोन मायक्रोग्रॅम. हा ओझोन धुराड्यातून थेट येत नाही. वाहने, वीज केंद्रे आणि जाळपोळीच्या धुरातील वायूंवर ऊन पडून तो तयार होतो. दुपारी तो सर्वाधिक असतो, पावसाळ्यात कमी, थंडी-उन्हाळ्यात जास्त. म्हणजे गव्हाचे दाणे भरण्याचा आणि कापसाच्या शेवटच्या वेचण्यांचा काळ त्यात सापडतो. ४० पीपीबीच्या वर तो दिवसा दीर्घकाळ राहिला तर संवेदनशील पिकांचे नुकसान होते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार २००५ मध्ये देशात सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन भात यामुळे कमी पिकला.

ओझोन पर्णरंध्रांतून आत शिरतो. जुन्या पानांच्या वरच्या बाजूस, शिरांच्या मध्ये बारीक तपकिरी ठिपके येतात आणि पाने लवकर पिकतात. कापसात हे लाल्यासारखे वाटू शकते. त्यामुळे आधी पान उलटून तुडतुडे, फुलकिडे, कोळी पाहा. माती परीक्षणात मॅग्नेशिअम आणि नत्र तपासा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. ओझोनवर उपाय म्हणून कोणी फवारणीचे औषध विकत असेल तर घेऊ नका, आधी कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवा. पाणी तोडणे हाही उपाय नाही. रंध्रे मिटून ओझोन कमी शिरेल खरे, पण ताणाने होणारे नुकसान त्याहून मोठे.

आपल्या हातातली गोष्ट म्हणजे धूर. पऱ्हाट्या आणि उसाचे पाचट पेटवू नका; पऱ्हाट्या श्रेडरने बारीक करून जमिनीत मिसळा, पाचट खोडव्यात आच्छादन म्हणून ठेवा.