साठ रोपांची सावली
लेखांक 6

मे महिन्यात सोनाळ्यातून उत्तरेकडे पाहिले की सातपुडा तपकिरी दिसतो. संग्रामपूर तालुक्यातले हे गाव डोंगराच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याला लागून असलेल्या पट्ट्यात आहे. पण तिथला साग ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. त्या दिवसांत गावाला सावली मिळते ती गावातल्याच जुन्या झाडांची. कडुनिंब आणि पिंपळ उन्हाळ्याच्या तोंडावरच नव्या पालवीने भरतात. अकोल्याकडचा पारा 45 अंशांपुढे जातो, अशा मुलखात ही पालवी माणसांना आणि गुरांना जगवते.

सावली डोळ्यांना दिसते, झाडाचे दुसरे काम दिसत नाही. मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे वाफ होऊन जाते आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालातून घेतली जाते. 100 लिटर पाण्यामागे ही उष्णता सुमारे 68 युनिट विजेइतकी भरते. एक टनाचा एसी जवळपास वीस तास पूर्ण ताकदीने चालला, तर खोलीतून एवढीच उष्णता काढतो; आणि ती बाहेर गल्लीत सोडतो. जमिनीत ओल असेल तर डेरेदार झाड दिवसभरात एवढे पाणी सोडू शकते. म्हणूनच बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतणे हा त्या झाडावरचा संथ घावच आहे.

‘एक तोडले तर दहा लावू’ हे आश्वासन इथे तोकडे पडते. नागरी भागांसाठीच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानले गेले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक झाले. तरतूद चांगली आहे, पण गणित करून पाहावे. साठ वर्षांच्या झाडाचा डेरा 12 मीटर रुंद धरला तर तो सुमारे 113 चौरस मीटर जमीन झाकतो. एक मीटर डेऱ्याची साठ रोपे, सगळी जगली तरी, मिळून 47 चौरस मीटर झाकतात. शिवाय त्यांच्या सावलीत बैलगाडी सोडा, खाटही मावत नाही.

पैशातही हिशेब झाला आहे. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठीच्या वृक्षतोडीवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू असताना नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश होते. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2021 मध्ये झाडाचे मोल वर्षाला 74,500 रुपये धरले. त्यातले 45,000 प्राणवायूचे. प्राणवायूला एवढे वजन देणे पटत नाही, हवेत त्याची टंचाई नाही. वऱ्हाडात मोल लावायचे तर आधी थंडाव्याचे लावावे.

सोनाळ्याची खरी अडचण वेगळी आहे. नागरी कायद्याचे वारसा वृक्षांचे संरक्षण ग्रामपंचायतीच्या गावांना लागू नाही. त्यांच्यासाठी 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग अशी ठरावीक झाडे येतात. झाडाचे वय तिथे निकष नाही. गावे मात्र वाढताहेत, रस्ते रुंद होताहेत.

तरीही ग्रामसभेचे हात बांधलेले नाहीत. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे स्थानिक पातळीवर समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. जुन्या झाडांची जागा, जात, बुंध्याचा घेर आणि ज्येष्ठांच्या आठवणीतले वय त्या वहीत उतरवता येते. रस्त्याच्या आखणीआधी ही यादी टेबलावर असेल, तर वळण कुठे द्यायचे हे कागदावरच ठरवता येईल. घेरावरून वयाचा अंदाज कसा बांधायचा आणि तो कुठे फसतो, ते पुढच्या लेखांकात.