ग्रास कटर घेताना स्टिकर बघायचा की मशीन?

आमच्या घरात वडिलांपासून एकाच कंपनीची यंत्रं. काजूच्या बागेसाठी ग्रास कटर घ्यायची वेळ आली तेव्हा मी दुसरीकडे बघितलंच नाही. ऐन श्रावणात क्लच गेला आणि पार्ट यायला तीन आठवडे लागले. तोवर रान कमरेएवढं! शेवटी माणसं लावून कोयत्याने बेणणी केली.

थोडी चूक माझीही होती. या मशीनचा क्लच वेगावर चालतो. इंजिन फिरलं की क्लचचे शू बाहेर फेकले जातात आणि ड्रमला धरतात, मग ब्लेड फिरतं. दाट गवतात अर्धाच थ्रॉटल दिला तर शू घसरत राहतात आणि जळतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मशीन खोललं तेव्हा इंजिनवर भलत्याच कारखान्याची प्लेट दिसली. यात फसवणूक नाही, हा धंदाच असा चालतो. रायोबी आणि मिलवॉकी ही दोन वेगळी नावं, पण दोन्हींची हत्यारं बनवते एकच कंपनी, हाँगकाँगची टीटीआय.

मग बघायचं काय? दुकानदार आधी सीसी सांगतो. सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान, ताकद नव्हे. ताकद किलोवॅटमध्ये विचारा, आणि ती किती आरपीएमला तेही. होंडाचं जीएक्स३५ हे फोर-स्ट्रोक इंजिन ३५.८ सीसीचं, ७००० आरपीएमला साधारण १ किलोवॅट देतं. टू-स्ट्रोकच्या सीसीशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं (५०:१ म्हणजे लिटरला २० मिली). गडी विसरला की पिस्टन जाम!

आणि पेट्रोल. आपल्याकडे मशीन पावसाळ्यात चालतं, मग सात-आठ महिने पडवीत. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरतं, कार्ब्युरेटरमधला पातळ डायफ्राम कडक होतो. टाकी रिकामी करून, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. ब्रँड कुठलाही असो.

यंदा दुकानात मी मशीनआधी पार्ट मागितले: क्लच शू, स्टार्टरची दोरी, डायफ्राम. ‘मागवून देतो’ नको, आत्ता काढून दाखवा म्हटलं. दोन दुकानांत नाही जमलं. तिसऱ्याने फळीवरून काढून दिले, तिथेच मशीन घेतलं. स्टिकरवरचं नाव आमच्या वडिलांनी कधी ऐकलेलं नाही. क्लच शूची एक जोडी जास्तीची आणून ठेवलीय.