पांढरें शिंगरूं कां मरतें?

आंतड्यांची हालचाल केवळ मेंदूच्या हुकमानें होते, हा समज खरा नव्हे. इ. स. १९१७ मध्यें ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानें गिनीपिगच्या आंतड्याचा तुकडा शरीरापासून वेगळा करून क्षारमिश्रित कोमट पाण्यांत ठेविला. आंतून किंचित् दाब देतांच त्यांत अन्न पुढें ढकलणारी लाट उठली. आंतड्याच्या भिंतींत स्वतंत्र मज्जाजाल आहे, त्याचेंच हें काम.

हें जाल नसल्यास काय होतें, तें अमेरिकेंतील ओव्हेरो या चट्टेदार घोड्यांत दिसतें. नर व मादी दोन्हीं एका जनुकाचा दोष वाहणारीं असल्यास सरासरीनें चारांतील एक शिंगरूं जवळजवळ शुभ्र जन्मतें. रंगपेशी व आंतड्यांच्या मज्जापेशी यांचें मूळ एकच; म्हणून दोन्हीं नाहींशा होतात. लीद सरकत नाहीं, पोटशूळ उठतो, व शिंगरूं थोड्याच दिवसांत मरतें. याच जनुकाचा दोष उंदरांत व कांहीं मानवी अर्भकांतहि आढळतो. त्यामुळें उंदरांवरील प्रयोग बालकांच्याहि उपयोगीं पडतात.

घोड्यांतील हा दोष इ. स. १९९८ मध्यें उघड झाला. दोषवाहक घोडा कधीं एकरंगीहि दिसतो. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, जोडी रंग पाहून नव्हे, तर केसांची वा रक्ताची तपासणी करून लावावी.